उघडलेली वाईन टिकवायची कशी: सुरुवात बूच काढण्याआधी

घरात दोघंच पिणारे असले की ७५० मिलीची बाटली एका संध्याकाळी संपत नाही, आणि ती संपवायलाच हवी असंही नाही. १५० मिलीचा एक ग्लास धरला तर बाटलीत पाच ग्लास बसतात. दोघांनी एकेक घेतला की तीन उरले. मग ती बाटली ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहते, पुढचे पाहुणे येईपर्यंत. आठ दिवसांनी कुणीतरी घोट घेतं, तोंड वेडंवाकडं करतं आणि म्हणतं, "आपल्याकडची वाईन ही अशीच आंबट." हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. वाईन चांगली होती, उघडल्यावर तिची काळजी कुणी घेतली नाही, एवढंच.

मी नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काही वर्षं काम केलं. तिथं सकाळचं पहिलं काम म्हणजे आदल्या दिवशी उघडलेल्या बाटल्या एकेक करून हुंगायच्या. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि त्यावर उघडल्याची तारीख-वेळ. कुठली पाहुण्यांना द्यायची, कुठली स्वयंपाकघरात पाठवायची, हे नाक ठरवायचं. त्या कामातून एक गोष्ट पक्की समजली. वाईन बिघडते ती दिवस गेले म्हणून नाही, तर बाटलीतल्या रिकाम्या जागेमुळे. त्या जागेत हवा असते, आणि पुढचं सगळं त्या हवेभोवती फिरतं.

रिकाम्या जागेचा हिशोब

अर्धी बाटली संपली म्हणजे आत साधारण ३७५ मिली हवा शिरली. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ८० मिली. वजनात मोजला तर जवळजवळ १०० मिलिग्रॅम. वायनरीत बाटल्या भरताना मात्र ऑक्सिजन काही मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये म्हणून टाकीपासून झाकणापर्यंत सगळी धडपड चाललेली असते. आपण बूच लावून "बंद केली" म्हणतो, तेव्हा त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन आतच कोंडलेला असतो. घट्ट बूच नवी हवा अडवतं, आत शिरलेली बाहेर काढत नाही.

हा ऑक्सिजन दोन वाटांनी काम करतो. पहिली वाट रासायनिक. वाईनमधल्या अल्कोहोलचं हळूहळू अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडल्यावर जो शिळा, जड वास येतो, तसा वास वाईनला येऊ लागतो आणि फळांचा ताजा वास मागे पडतो. दुसरी वाट जिवाणूंची. अ‍ॅसेटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, आणि त्यांना जगायला हवा लागतेच. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समधल्या बिघडणाऱ्या वाईनचा अभ्यास केला तो याच प्रश्नांसाठी. स्वयंपाकघरात उघड्या ग्लासाभोवती जी चिलटं घोंघावतात, ती हे जिवाणू अंगावर घेऊनच येतात. म्हणून ग्लास भरताना बाटली उघडी ठेवून गप्पा मारत बसू नये.

वाईनकडे स्वतःचं संरक्षण असतं, पण मोजकंच. लेबलवर सल्फाइट किंवा आय.एन.एस. २२० असं लिहिलेलं असतं, तो सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजनला थोपवून धरतो. बाटली उघडल्यावर तो खर्च होत जातो. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आलेलं, तुरटपणा देणारं टॅनिनही असतं, म्हणून ती सहसा पांढऱ्यापेक्षा जरा जास्त तग धरते.

पहिली पायरी: ओतण्याआधी अर्धी बाजूला काढा

सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात स्वस्त आहे, आणि तरीही फार कमी घरांत होतो. बाटली उघडली की पहिला ग्लास भरण्याआधी अर्धी वाईन छोट्या बाटलीत काढायची. पिऊन झाल्यावर उरलेली नाही, आधीच. पिऊन झाल्यावर काढलेली वाईन तीन-चार तास हवा खात बसलेली असते. उघडताक्षणी काढलेली जवळजवळ न उघडल्यासारखी राहते.

बाटली ३७५ मिलीची, काचेची, फिरकीच्या झाकणाची हवी. गोड लेट हार्वेस्ट वाईन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) याच मापात मिळते. ती एकदा आणली की रिकामी बाटली जपून ठेवा. आमच्या घरी अशा तीन आहेत. धुताना साबण शक्यतो वापरू नका, त्याचा वास राहतो. आधी कोमट आणि मग कडकडीत गरम पाण्याने दोनदा विसळा (थंड काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं तर बाटली तडकते) आणि उपडी घालून पूर्ण वाळवा. झाकणाच्या आतली चकती हुंगून बघा. तिला जुन्या वाईनचा आंबूस वास येत असेल तर ते झाकण टाकून द्या.

आता ओतणं. छोटी बाटली हातात तिरकी धरा आणि फनेलचं टोक आतल्या काचेला टेकवा, म्हणजे वाईन धारेने खाली न पडता काचेवरून ओघळत जाईल. फेस आला, बुडबुडे उठले, म्हणजे आपणच हवा मिसळतोय. बाटली मानेपर्यंत भरली की सरळ उभी करा आणि शेवटचा भाग चमच्याने किंवा अगदी बारीक धारेने भरा. वाईन तोंडाशी येऊन किंचित फुगीर दिसू लागली की थांबा. झाकण लावताना एखादा थेंब बाहेर सांडला पाहिजे. तो सांडला म्हणजे आत हवा उरली नाही. फ्रीजमध्ये गेल्यावर वाईन आकसते आणि वर छोटीशी पोकळी दिसते, त्याची चिंता नको. उलट फ्रीजमधून काढलेली गार वाईन अशी काठोकाठ भरून नंतर बाहेर ठेवली तर ती प्रसरण पावून झाकणातून झिरपते. म्हणून गार वाईन भरताना तेवढीशी जागा मुद्दाम सोडा आणि ती गारच ठेवा.

अशी भरलेली लाल वाईन मी फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवलेली आहे आणि पाहुण्यांना आनंदाने दिलेली आहे. पांढरी आठ-दहा दिवस छान राहते.

काचेची छोटी बाटली नसेल तर पाण्याची नवी, लहान प्लास्टिकची बाटली दोन-तीन दिवस चालते. ती दाबून हवा बाहेर काढता येते, हा तिचा फायदा. कोल्ड्रिंकची वापरलेली बाटली मात्र नको. कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही.

आधी काढून ठेवली नसेल तर

मग निदान झाकण लगेच लावा. लगेच म्हणजे दोन ग्लासांच्या मधेसुद्धा. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं आणि त्याहून सोयीचं काही नाही. बुचाची बाटली असेल तर जी बाजू आत होती तीच पुन्हा आत घाला. बाहेरची कोरडी बाजू सहज शिरते म्हणून लोक बूच उलटं करतात, पण त्या बाजूला धूळ असते, कधी बुरशीही असते. फुगलेलं बूच जात नसेल तर फिरवत फिरवत दाबा. तुटलंच तर रबरी स्टॉपर लावा, आणि तोही नसेल तर एका रात्रीपुरतं क्लिंग फिल्म दुमडून रबरबँड बांधा. कागदाचा किंवा कापसाचा बोळा हवा अडवत नाही आणि वाईनमध्ये तंतू सोडतो.

बाटली उभीच ठेवा. आडवी केली की वाईनचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. बुचाची बाटली आडवी ठेवायची हा नियम न उघडलेल्या बाटलीचा आहे. बूच ओलं राहावं म्हणून तो असतो. उघडल्यावर तो लागू नाही.

लालसुद्धा फ्रीजमध्येच

यावर माझा सगळ्यात जास्त वाद होतो. "रेड वाईन रूम टेम्परेचरला ठेवतात ना?" हा प्रश्न मला शेकडो पाहुण्यांनी विचारला असेल. ते रूम टेम्परेचर युरोपातल्या दगडी घरांचं आहे, १६ ते १८ अंशांचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा ४० पर्यंत जातो आणि कुकर लावलेल्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा बत्तीस-तेहतीस अंश असतात.

ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. फ्रीजचे ५ अंश आणि ओट्यावरचे ३५ अंश यांत तीस अंशांचा फरक, म्हणजे वेगात सुमारे आठपट. जी वाईन फ्रीजमध्ये चार दिवस बरी राहते, ती ओट्यावर बारा तासांत तेवढीच उतरते. थंड वाईनमध्ये ऑक्सिजन जरा जास्त विरघळतो हे खरं, म्हणून बाटली हलवू-हिंदकळू नका. पण थंडीचा फायदा त्याहून पुष्कळ मोठा आहे.

एका मे महिन्यात मी शिराझ या लाल वाईनची अर्धी बाटली फ्रीजच्या आत जागा नाही म्हणून फ्रीजच्या डोक्यावर ठेवली. मागच्या कॉइलची ऊब तिथं सतत येत असते, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासात ओतली तर कडेचा जांभळा रंग विटकरी झालेला, आणि मिरी-जांभळाचा जो वास शिराझला असतो त्याच्या जागी उकडलेल्या मनुकांसारखा वास. चोवीस तासही झाले नव्हते.

फ्रीजमध्ये जागा निवडताना दाराचा कप्पा शक्यतो टाळा. दार दर पाच मिनिटांनी उघडतं, प्रत्येक वेळी गरम हवा लागते आणि बाटली हिंदकळते. आतल्या खालच्या कप्प्यावर, मागच्या बाजूला, एक जाळी काढून उंची करून घ्या. छोट्या ३७५ मिलीच्या बाटल्यांचा इथंही उपयोग होतो, त्या कुठंही मावतात. शेजारी सुकट, फणस किंवा लसणाची चटणी असेल तर झाकण घट्ट आहे ना, एवढं बघा.

पिण्याआधी लाल वाईन फ्रीजमधून काढून ठेवा. थंडीत अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फार गार लाल वाईन तुरट आणि मुकी लागते. आणि गरज असेल तेवढीच ग्लासात ओता, उरलेली लगेच आत जाऊ द्या. रोज संध्याकाळी बाटली बाहेर तासभर राहिली तर फ्रीजचा अर्धा फायदा गेला.

कुठली किती दिवस

खाली दिलेले दिवस मूळ बाटलीत, नीट बंद करून, फ्रीजमध्ये ठेवलेल्या वाईनचे आहेत. अर्ध्याहून कमी उरली असेल तर त्यातून एक दिवस वजा करा.

सोव्हिनियों ब्लां आणि शेनिन ब्लां या आपल्याकडच्या ओळखीच्या पांढऱ्या वाईन. नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली बाजारात पहिली वाईन आणली ती याच दोन द्राक्षांची. सोव्हिनियोंचं सगळं सौंदर्य वासात असतं, हिरव्या मिरचीसारखा आणि ताज्या कापलेल्या गवतासारखा तीव्र वास. तोच आधी जातो. दोन दिवसांत संपवली तर तिचा मान राखला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पिण्याजोगी असते पण सपाट. शेनिनमध्ये बहुधा थोडा गोडवा ठेवलेला असतो, ती तीन ते पाच दिवस बरी राहते. गुलाबी रोझे तिच्याच जोडीची.

लाल वाईनमध्ये शिराझ, कॅबर्ने सोव्हिनियों अशा दाट, टॅनिन असलेल्या वाईन तीन ते पाच दिवस राहतात. तरुण आणि फार तुरट असलेली वाईन तर दुसऱ्या दिवशी जास्त मऊ, जास्त मोकळी लागते, हे मी अनेकदा अनुभवलंय. अकलूजकडच्या सांजोव्हेजेबद्दल माझं मत असं की पहिले दोन दिवस तिचे, पुढे आंबटपणा वर येतो. आणि आठ-दहा वर्षं जपलेली जुनी लाल बाटली उघडलीत तर त्याच संध्याकाळी चार माणसं बोलवा. ती दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

गोड लेट हार्वेस्ट आठवडाभर सहज राहते, साखर आणि आम्लता दोन्ही तिला सांभाळतात. पोर्टचं गणित वेगळं आहे. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षाची ब्रँडी मिसळून अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर नेलेलं असतं, म्हणून टॉनी पोर्ट महिना-दोन महिने आणि रूबी दोन-चार आठवडे चालते. गोव्याहून आपण हौसेने आणतो ती "पोर्ट वाईन" मात्र गोड लाल वाईन असते, आणि तिचं बळ तेवढं असेलच असं नाही. लेबलवरची टक्केवारी वाचा. १५ च्या आसपास असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. वर्षानुवर्षं शोकेसमध्ये उभी राहिलेली गोव्याची अर्धी बाटली खूप घरांत दिसते, ती आता फक्त शोभेची.

परदेशात राहणाऱ्या मंडळींना खोक्यातली वाईन सहज मिळते. रोज एक ग्लास घेणाऱ्यासाठी ती फार समंजस खरेदी आहे. ऑस्ट्रेलियात थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये ही कल्पना आणली. आतली पिशवी वाईन काढली की आकसते, हवा शिरायला जागाच उरत नाही, त्यामुळे तीन-चार आठवडे वाईन ताजी राहते. आपण छोट्या बाटलीने जे साधतो, तेच ती पिशवी करते.

स्पार्कलिंग: चमचा नको

स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन; तिच्या बाटलीच्या तोंडात चमचा उलटा अडकवला की बुडबुडे टिकतात, हा समज अजून जिवंत आहे. शॅम्पेन प्रांतातल्या उत्पादकांच्या संस्थेने चाचणी घेऊन तो खोटा ठरवला. चमच्याची बाटली आणि उघडी बाटली, दोन्हींतला वायू सारखाच जातो. चमचा लावलेली बाटली बरी वाटते ती फ्रीजमुळे, कारण गार द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. दोन बाजूंनी मानेला चिमटा घेणारं स्पार्कलिंगचं खास स्टॉपर घ्या. मूळ बूच मशरूमसारखं फुगतं, ते परत जात नाही. साधं रबरी स्टॉपर लावू नका. न उघडलेल्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, उघडल्यावरही उरलेला दाब ते झाकण उडवायला पुरेसा असतो. एक ते तीन दिवस, बस.

उपकरणं घ्यावीत का

हवा ओढून घेणारा हातपंप आणि रबरी बूच, हे सगळ्यात जास्त विकलं जाणारं साधन. त्याने हवा कमी होते, पण संपत नाही, आणि रबर रात्रीतून थोडी हवा आत घेतं. एखाद-दुसरा दिवस वाढतो. स्पार्कलिंगला तो कधीही लावू नका, तो बुडबुडेच ओढून काढेल. आरगॉन वायूचा फवारा चांगला, कारण आरगॉन हवेपेक्षा जड असतो आणि कशाशी क्रिया करत नाही, पण आपल्याकडे तो सहज मिळत नाही. कोरॅव्हिन नावाचं यंत्र २०१३ मध्ये बाजारात आलं. ते बुचातून बारीक सुई घालून वाईन काढतं आणि तिच्या जागी आरगॉन भरतं, म्हणजे बाटली उघडतच नाही. महागड्या जुन्या बाटल्या असतील तर त्याला अर्थ आहे. सात-आठशे रुपयांच्या बाटलीसाठी छोटी रिकामी बाटली त्याच्याइतकीच कामाची.

बिघडली हे कसं ओळखायचं

पांढऱ्या ताटलीवर ग्लास तिरका धरा. लाल वाईनची कड विटकरी-तपकिरी, पांढरी वाईन गडद सोनेरी किंवा चहासारखी झाली असेल तर हवा लागली. मग हुंगा. फळाचा वास नसेल पण वाईटही काही नसेल तर ती थकली आहे, स्वयंपाकाला छान. शिळं सफरचंद किंवा जुन्या अक्रोडासारखा वास, म्हणजे अजून पुढे गेली. नाकाला झोंबणारं व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास आला तर पिणं आणि स्वयंपाक दोन्हींतून बाद. स्पार्कलिंग नसलेल्या वाईनमध्ये, विशेषतः गोड, अचानक बुडबुडे दिसले तर ती पुन्हा आंबतेय, तीही नको.

थकलेल्या वाईनचं काय करायचं

बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरला ठेवा. एक खण साधारण दोन चमचे. घट्ट झाले की पिशवीत भरा आणि दोन-तीन महिन्यांत वापरा. मशरूम लसणावर परतताना पांढरीचा एक खडा, टोमॅटोच्या सॉसमध्ये लालचे दोन. पुरंदरची अंजिरं निघतात तेव्हा मी लाल वाईनमध्ये थोडा गूळ आणि दालचिनी घालून अंजिरं मंद आचेवर दहा मिनिटं शिजवते. एक गोष्ट मात्र घरातल्यांना सांगितली पाहिजे. अर्धा तास शिजवूनही सुमारे एक तृतीयांश अल्कोहोल पदार्थात राहतं. मुलांना किंवा न घेणाऱ्यांना तो पदार्थ न विचारता वाढू नये. भरलेली बाटली आख्खी फ्रीजरमध्ये ठेवू नका. वाईन पाच-सहा उणे अंशांना गोठू लागते, फुगते आणि काच फुटते.

आणि व्हिनेगर. बिघडलेली बाटली आपोआप चांगलं व्हिनेगर होत नाही, ते करावं लागतं. थकलेली पण स्वच्छ वासाची वाईन रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत रात्रभर उघडी ठेवा, वर फक्त पातळ मलमल, म्हणजे उरलेलं सल्फाइट कमी होईल. दोन वाट्या वाईनला एक वाटी उकळून गार केलेलं पाणी, कारण तीव्र अल्कोहोलमध्ये जिवाणू मंदावतात. मग पाऊण वाटी जिवंत, न उकळलेलं व्हिनेगर, तळाशी गाळ असलेलं. गोव्यात घरी केलेलं माडाचं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. मलमलला रबरबँड घट्ट लावा, नाहीतर चिलटं आत जातात. कपाटात, अंधारात, २५ ते ३० अंशांत बरणी हलवू नका. दोन-तीन आठवड्यांत वर पातळ, चिकट, दुधी सायीसारखा पडदा धरतो. हा जिवाणूंचा थर म्हणजेच व्हिनेगरची आई. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या. सहा-आठ आठवड्यांनी चव बघा, अल्कोहोलचा वास गेला असेल तर गाळून भरून ठेवा. सॅलडला, व्हिंदालूच्या वाटणाला ते सुरेख लागतं. लोणची टिकवायला वापरू नका, त्याचा आंबटपणा मोजलेला नसतो. गाळताना तो पडदा आणि थोडं व्हिनेगर बरणीतच राहू द्या, पुढची थकलेली वाईन त्यावरच ओतता येते.